एकशे चाळीसचा पट्टा

चूक माझ्या बाबांची होती. भोईर सरांची नाही, सर्जनची नाही, गौरी मॅडमची तर अजिबातच नाही. आधीच नाव सांगून टाकलं, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही बाकीच्यांवर उगाच डाउट खाणार नाही. बाकीच्यांनीही आपापले दिवे लावलेत, ते वेगळे.

गुडघ्याचं लिगामेंट शिवून घेतलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. साठणारच! आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास, वर्तकनगरमधल्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या फिजिओ क्लिनिकमध्ये पाय वर करून पडायचं. मोबाइल तिथल्या फिजिओ गौरी मॅडम आपण आल्याआल्या काढून घेतात. बाजूच्या कॉटवर साठी ओलांडलेलं कोणीतरी असतंच, आणि त्याच्याकडे तुमच्या आयुष्यासाठी सल्ला असतोच. म्हातारी माणसं गुडघ्याबद्दल एवढं का बोलतात, ते मला तिथे कळलं. बाकी कुठल्याच विषयात त्यांना कोणी विचारत नाही!

माझं थोडक्यात सांगतो. नाव तुषार. कबड्डी, रेडर. मेकॅनिकल डिप्लोमा शेवटच्या वर्षाला सोडला, कारण लेक्चर आणि प्रॅक्टिस एकाच वेळी असायची आणि लेक्चरमध्ये मला कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. डिसेंबरमध्ये कल्याणला एका कंपनीच्या टीमची ट्रायल होती. निवड झाली की पक्की नोकरी, पगारी खेळ. अट एकच, वय चोवीसच्या आत. मला फेब्रुवारीत चोवीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची.

आणि मार्चमध्ये गुडघा गेला. एप्रिलमध्ये ऑपरेशन. सर्जन म्हणाला, "डाव्या मांडीची ताकद उजवीच्या नव्वद टक्के झाली तर फिटनेस सर्टिफिकेट देतो. एकोणनव्वद झाली तरी नाही देणार." माणूस सरळ होता. मला आवडला.

तर डिसेंबरच्या आत नव्वद. एवढंच डोक्यात ठेवून मी त्या कॉटवर पडलेलो.

* * *

गुडघा कसा गेला, तो किस्सा आधी.

कळव्याची स्पर्धा. रेड टाकून परत फिरताना डावा पाय जागेवर राहिला आणि बाकीचा मी वळलो. 'टक्' असा आवाज झाला. लाइनवरच्या पंचालाही ऐकू गेला, एवढा!

आमचे कोच भोईर सर स्प्रे घेऊन धावत आले. बाळकुमचे आगरी माणूस, साठीला आलेले, आवाज असा की माइक दिला तर स्पीकर फाटेल.

"काय झाला रं? नुसता मुरगलला हाय. ऊठ!"

"सर, आवाज आला आतून."

"आवाज त माझे गुडघ्याचा पन येते रोज. मी बसतंय काय घरी?"

उठलो. गाढव मीही होतोच. दुसरी रेड टाकली, बोनस घेतला, आणि मधल्या रेषेवर आडवा झालो तो चार जणांनी उचलेपर्यंत. डोळ्यांसमोर अंधार. मागून सरांचा आवाज आला,

"पॉइंट भेटला ना? मंग!"

एमआरआयमध्ये लिगामेंटही फाटलेलं निघालं आणि दोन हाडांमधली गादीही. त्यातलं पहिल्या रेडने किती आणि दुसऱ्या रेडने किती, हे डॉक्टरने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

* * *

ऑपरेशननंतर मांडी अशी वाळते की बघवत नाही. पंधरा दिवसांत माझी डावी मांडी माझ्या नवव्या इयत्तेतल्या मांडीएवढी झाली. ती परत भरायची तर जड वजन मारायला लागतं. आणि माझी गादीही शिवलेली, म्हणून जड वजनाला कित्येक महिने बंदी!

मग गौरी मॅडमनी पट्टा काढला. गौरी मॅडम डोंबिवलीच्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, बोलायला मऊ आणि करवून घ्यायला राक्षस. हा पट्टा मांडीच्या अगदी वर बांधतात आणि त्यात हवा भरतात. रक्त आत जायचं थोडं कमी होतं, बाहेर यायचं बरंच अडतं. अशा अवस्थेत एक किलोचं वजन मारलं तरी मांडीला वाटतं दहा किलोचं आहे. जॉइंटवर लोड नाही आणि स्नायू मात्र कामाला लागतो.

पहिल्या दिवशी आई सोबत आलेली. हवा किती भरायची ते प्रत्येकाच्या पायावर ठरतं. त्यासाठी मॅडमनी घोट्याजवळ जेल लावून एक छोटं यंत्र धरलं. त्यातून पायातल्या नाडीचा आवाज खोलीभर यायला लागला. फुस्स, फुस्स, फुस्स. मॅडम हवा भरत गेल्या, आवाज बारीक होत गेला आणि एकदम थांबला.

आई खुर्चीतून उठली. "अगं बाई! बंद पडला!"

"काकू, पाय आहे तो. हृदय नाही."

आवाज जिथे थांबतो त्याच्या बराच खाली आकडा ठेवायचा, असं मॅडमनी समजावलं. माझा आकडा निघाला एकशे चाळीस. मग पायात एक किलोचं वजन बांधलं. मी हसलो. "मॅडम, मी ऐंशी किलोचा माणूस पाठीवर घेऊन लाइनला हात लावतो."

"तीस वेळा उचल. मग पंधरा, पंधरा, पंधरा. मध्ये तीस सेकंद. पट्टा सुटणार नाही."

पहिले तीस झाले. दुसऱ्या सेटच्या नवव्याला मांडीत कोणीतरी निखारे भरले. तिसऱ्या सेटला पाय जांभळट लाल झाला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते आईसमोर कधीच निघालं नव्हतं.

आई मॅडमना म्हणाली, "सोड गं त्याला. शिव्या देतोय म्हणजे खरंच दुखतंय."

मॅडम म्हणाल्या, "शिव्या देतोय म्हणजे श्वास घेतोय. बारा... तेरा..."

* * *

भोईर सर एकदा बघायला आले. फळं वगैरे काही नाही, रिकाम्या हाताने. कॉटच्या कडेला उभं राहून त्यांनी पूर्ण सेशन पाहिलं. पट्टा, हवा, माझं थोबाड, सगळं. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माणसाला पश्चात्ताप होतोय.

चार दिवसांनी टीममधल्या एकाचा व्हिडिओ आला. ग्राउंडवर आमचे सहाच्या सहा रेडर रांगेत उठाबशा काढतायत आणि प्रत्येकाच्या मांडीला स्कूटरची जुनी ट्यूब बांधलेली! एक जण पांढराफटक पडून कडेला बसलाय, आणि सर शिटी वाजवतायत.

मी व्हिडिओ मॅडमना दाखवला. त्यांनी पेशंट तसेच सोडले, रिक्षा केली आणि ग्राउंड गाठलं. ब्लेडने सहाही ट्यूब कापल्या. मग सरांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्याएवढ्याही नाहीत उंचीला.

"सर, प्रेशर किती दिलं होतंत?"

सर जरा विचारात पडले. मग इमानदारीत म्हणाले,

"दोन गाठी!"

* * *

लेले काकांचा किस्सा सांगितला नाही तर ते वाचून फोन करतील.

लेले काका रिटायर्ड गणिताचे मास्तर. उजवा गुडघा पूर्ण बदललेला. माझ्या बाजूचीच कॉट. मराठी असं स्वच्छ बोलतात की ऐकताना आपण चपला काढून बसावं. मॅडमनी त्यांचं बीपी, शिरा, रक्ताच्या जुन्या गाठी वगैरे सगळं तपासून त्यांनाही पट्टा सुचवला. काका म्हणाले, "मुली, गळ्याला असो वा पायाला, फास तो फासच. मला नको."

महिनाभर ते मला बघत राहिले. नुसते बघत नव्हते, कॉमेंट्री चालायची. "आजकालच्या मुलांना सहनशक्ती नाही." "आम्ही अनवाणी शाळेत जायचो." शेवटी माझं डोकं फिरलं.

"काका, बांधा पट्टा. तीस मारून दाखवा. नाहीतर गप्प पडा."

मॅडमनी मला डोळे वटारले. पण काका पेटले. पट्टा बांधून घेतला, वजन न घेताच पाय उचलायला लागले आणि मोठ्याने मोजायला लागले. सोळापर्यंत आवाज खणखणीत. मग, "सतरा... अठरा... एकवीस... बावीस..."

"ओ काका! एकोणीस, वीस कुठे गेले?"

"झाले."

"कधी झाले? छत्तीस वर्षं पोरांना असंच मोजायला शिकवलंत का?"

काका पाय वर धरूनच माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद, घाम कानापर्यंत.

"तुला मी शिकवलं नव्हतं, तरी तू नापासच झालास ना?"

सगळं क्लिनिक हसलं. मीही हसलो. नापास झालो नव्हतो, सोडलं होतं. पण त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे. म्हाताऱ्याने नंतरचे आठ मात्र इमानदारीत मारले.

* * *

ऑगस्टमध्ये मॅडमनी मला घरी वापरायला हातपंपवाला पट्टा दिला. आता पंधरा दिवसांतून एकदा क्लिनिकला जायचं, टेपने मांडी मोजायची आणि बाकीचा व्यायाम शिकायचा. पट्टा रोज घरी. डायलवर मॅडमनी मार्करने एकशे चाळीसला रेघ मारून दिली. त्याच्या वर जायचं नाही, आठ मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि सोबत एक माणूस पाहिजे. कारण उताणं पडून पाय उचलताना डायल दिसत नाही आणि हवा थोडी थोडी उतरते.

सोबतीला कोण? आई सकाळी कामाला जाते. घरी उरतात बाबा.

आता बाबांचं सांगायला लागेल. वागळे इस्टेटमधल्या एका फॅक्टरीत ते बॉयलरवर होते, चौतीस वर्षं. आता घरी. डिप्लोमा सोडल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. दोन वर्षं! एका खोलीत बसून आईला सांगायचे, "त्याला सांग, पंखा बंद कर." शेजारी विचारलं की म्हणायचे, "मुलगा शेवटच्या वर्षाला आहे." दोन वर्षं मी शेवटच्या वर्षाला! मला चीड यायची. बाहेर खोटं बोलायला लाज वाटत नाही आणि घरात खरं बोलायला तोंड नाही, असा बाप.

पण पंप हातात घेतल्यावर माणूस बदलला. खुर्ची ओढून बसले. चष्मा लावला. डायलची काच लुंगीने पुसली. डायल डोळ्यांसमोर सरळ धरला. हवा भरली. आणि म्हणाले,

"एकशे चाळीस."

मला म्हणाले! आईला नाही, मला.

मी उचलायला लागलो. रोज सकाळी साडेनऊला हा कार्यक्रम. दुसरा शब्द नाही. मध्येच काटा उतरला की दोनदा पंप दाबायचे आणि परत, "एकशे चाळीस." अडीच महिने बाप माझ्याशी बोलला तो हा एक आकडा. आणि तुम्हाला काय सांगू, मी त्या आकड्याची वाट बघायचो.

मॅडमनी फोनवर विचारलं, "घरी प्रेशर कोण बघतं?"

"बाबा. बॉयलरवर होते."

"अरे वा! मग काय टेन्शनच नाही!"

* * *

घरी मला त्रासच होईना. थोडी जळजळ, बस. निखारे वगैरे काही नाही. मी क्लिनिकमध्ये छाती फुगवून सांगितलं, "लेले काका, आता मला लागतच नाही!"

काका म्हणाले, "लागत नाही, म्हणजे एकतर योगी झालास किंवा मेलास. चेहऱ्यावरून योगी वाटत नाहीस."

मॅडमनी टेप लावली. डावी चव्वेचाळीस सेंटिमीटर. उजवी एकोणपन्नास. पंधरा दिवसांनी चव्वेचाळीस. आणखी पंधरा दिवसांनी चव्वेचाळीस.

मी अंडी वाढवली. सकाळी पट्टा झाला की मॅडमनी दिलेला बाकीचा व्यायाम दुप्पट करायला लागलो. मित्रांबरोबर बसणं बंद केलं. गणपतीत मांडवाकडे फिरकलो नाही. भिंतीवर कॅलेंडर टांगून पट्टा बांधलेल्या दिवशी लाल फुली मारायचो. एक दिवस कोरा नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी, चव्वेचाळीस.

मॅडम हळूच म्हणाल्या, "तुषार, रागावू नकोस. घरी खरंच करतोस ना?"

माझं टाळकं सटकलं. "रोज करतो! बाबा समोर बसलेले असतात! तुमची टेप खोटी आहे!"

तसाच बाहेर पडलो. गेटपर्यंत गेल्यावर कळलं की पायात एकच बूट आहे. मागून लेले काका बदललेल्या गुडघ्याने, काठी टेकत, माझा दुसरा बूट घेऊन येत होते. हाश्शहुश्श करत म्हणाले,

"हे बघ. रीत बरोबर आहे आणि उत्तर चुकतंय, तर गणितात दिलेली माहिती तपासायची असते."

"काका, बूट द्या आणि आत जा."

बूट दिला. आत मात्र गेले नाहीत. मी लेस बांधून होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

* * *

नोव्हेंबरमध्ये मशीनवर ताकद मोजली. उजवी शंभर धरली तर डावी अडुसष्ट. सर्जनने आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. सह्या करायचं पेन खिशातून काढलंसुद्धा नाही.

गौरी मॅडमना ते पटेना. म्हणाल्या, "घरचा पट्टा लीक असणार. उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पट्टा बाबा स्वतः घेऊन आले. फॅक्टरीत न्यायचे त्या बॅगेत, नॅपकिनमध्ये गुंडाळून. पहिल्यांदाच क्लिनिकमध्ये आलेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, बॅग मांडीवर.

मॅडमनी आपल्या मशीनला जोडून पट्टा तपासला. लीक नाही. डायलही बरोबर, एका अंकाचा फरक नाही.

मग त्यांनी तोच पट्टा माझ्या मांडीला बांधला. पायात वजन अडकवलं. पंप दाबत गेल्या आणि डायल माझ्या तोंडासमोर धरला. काटा मार्करच्या रेघेवर. एकशे चाळीस.

पहिल्या सेटच्या अठराव्याला मी उशी दातात धरली. चोविसाव्याला डोळ्यांतून पाणी आलं. निखारे! तेच, पहिल्या दिवशीचे. अडीच महिन्यांत घरी एकदाही न आलेले.

पण मी थांबलो नाही. तीस, पंधरा, पंधरा, पंधरा. मॅडमही थांब म्हणाल्या नाहीत. लेले काका कॉटवर उठून बसलेले. शेवटचा मारून पाय खाली टाकला, मॅडमनी हवा सोडली आणि स्टुलाकडे वळल्या.

"काका, घरी काटा कुठे ठेवत होतात?"

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"साठवर."

"आणि तोंडाने एकशे चाळीस म्हणायचात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"का, काका?"

बाबा उठले. कॉटवरून पट्टा घेतला, नळी गोल गुंडाळली, डायल वरच्या बाजूला येईल असा नॅपकिनमध्ये बांधला आणि बॅगेत ठेवला. चेन लावली. मग माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाले,

"चौतीस वर्षं बॉयलर चालवला, मॅडम. माझ्या हातून एकदाही फुटला नाही."

ट्रायल डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी कल्याणला झाली. माझ्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, मला गेटच्या आत घेतलं नाही. फेब्रुवारीत मला चोवीस पूर्ण झाली.